पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका

१२ मार्च, दुपारी ३.१०. थिएटरच्या मागच्या दारापाशी, कपाळावर ओला रुमाल धरून.
डोअरकीपरच्या नोकरीचा पहिला आठवडा, वादग्रस्त सिनेमाचा पहिला दिवस. धर्माची गुपितं पडद्यावर आणता काय, म्हणत मोर्चाने दगड मारले. एक मला लागला. घाबरलो नाही. फक्त खाली बसलो, आणि बराच वेळ बसलो. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, मालकाकडे शब्द टाकून मला इथे चिकटवलं. ते वर केबिनमध्ये मशीन चालवतात. त्यांना मान खाली घालायला लावणार नाही.

१३ मार्च.
सिनेमातला प्राध्यापक प्रार्थनास्थळाच्या भिंतीवरच्या खुणा वाचतो. प्रत्येक खुणेमागे एक खून. पण सगळ्यात मोठी खूण मला सापडली! पडद्यावर वर, उजव्या कोपऱ्यात, काळा ठिपका. क्षणभर दिसतो नि जातो, प्रत्येक शोला ठरल्या जागी. हाच खरा कोड, सिनेमावाल्यांचा गुप्त निरोप. दाजींना सांगायला धावलो, तर म्हणाले, शहाण्या, रीळ बदलायचंय, नीघ. माणूस भला, पण मशीनपाशी राहून डोकं मशीनसारखं झालंय.

१५ मार्च.
तिकीटबारीवर हाणामारी. एकाचा दात माझ्या बुटावर पडला. पुसून परत द्यायला गेलो, तर त्यानेच कानफटात मारली. हे थांबवायला हवं. मोर्चाच्या पुढाऱ्याला, सगळे त्याला पैलवान म्हणतात, चहा पाजून ठिपक्याचं सांगितलं. एवढा पुरावा हातात आला की तो कोर्टात जाईल, दगड बंद. त्याने विचारलं, ठिपका सोडतात कुठून? म्हटलं, वरच्या केबिनमधून, उघड आहे. तू आपला माणूस, म्हणाला.

१६ मार्च.
लोखंडी गज घेऊन पन्नासेक जण जिन्यावर. मी हात पसरून वाट अडवणारच होतो, तेवढ्यात बाकाखाली गेलो. दाजी ओरडत होते, अरे, तो ठिपका मी नाही टाकत! मग नुसतंच ओरडत होते.

१७ मार्च, इस्पितळ.
दाजींचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मशीनचा चुराडा. दाजी म्हणाले, तो ठिपका माझ्यासाठी असतो रे. रीळ संपत आलं, दुसरं मशीन चालू कर, एवढंच सांगतो. प्रत्येक सिनेमात असतो. लहानपणी तू अकरा वेळा पाहिलेल्या हत्तीच्या सिनेमातही होता.
मग म्हणाले, हे खूळ त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं, तेवढं कळू दे. डावा हात अजून शाबूत आहे.
तपास करतो, म्हणालो.

खर्च: दोन चहा, पैलवानाचा धरून, दहा रुपये.
देणं: ताईने प्लास्टरसाठी गहाण टाकलेली बांगडी. आणि दाजींना एक नाव.