पाचव्या मजल्यावरची चोरटी

१७ फेब्रुवारी, सोमवार
चोर! हलकट! यतीनने आज गेम बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात स्टेजवर उभं राहून माझी मंत्रांची सिस्टिम स्वतःची म्हणून दाखवली. मी शेवटून दुसऱ्या रांगेत. शेजारचा म्हणाला, "क्या दिमाग लगाया है!" सगळ्यांबरोबर मीही दोन टाळ्या वाजवल्या — सवयीने. त्यानेच माझा जास्त तिळपापड होतोय.

१८ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. नीट लिहून ठेवते. यतीन आणि मी मिळून रोगलाइक गेम करत होतो — मेलात की सगळं पहिल्यापासून, भुयारही दर वेळी नवं. असल्या खेळांत मांत्रिक नेहमी सपक. पोथी सापडली, मंत्र आला, चला पुढे. आमच्यात तसं नव्हतं. नवा मंत्र शिकायचा तर एक जुना विसरायचा, आणि कुठला ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आग हवी? मग जखम भरायचा मंत्र सोडा! अख्खा गेम त्या एका गोष्टीवर उभा. आणि ती माझी आहे. दिवाळीत भांडून वेगळे झालो, तर हा ती खिशात घालून गेला.
रसिका वहिनी म्हणते, "जाऊ दे गं, दुसरं काहीतरी सुचेल." नाही जाऊ देणार!

२३ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. त्याचा गेम २१ मार्चला येतोय, त्याच्याआधी माझा बाहेर काढायचा. आणि त्यात त्यालाच बसवायचा! पाचव्या मजल्यावर एक चोर. त्याच्यासमोर मंत्र टाकलात की तो त्याला येणार, तुम्ही विसरणार. मग तोच तुमच्यावर टाकणार. चोराला मारलं तरी मंत्र परत नाही. यतीन देतोय का?

२ मार्च
चोराचं चित्र काढायला वेळ नाही. माझ्या मांत्रिकिणीचंच घेतलं, हिरवा झगा जांभळा केला — झाली चोरटी. बाई तर बाई. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळेल.

९ मार्च
वहिनीला खेळायला बसवलं. उत्तनहून आणलेला सुका जवळा निवडायचा तसाच राहिला. अकरा वेळा मेली, अकराही वेळा चोरटीच्या हातून. बाराव्या वेळी मुद्दाम तिच्यासमोर सगळ्यात फालतू मंत्र टाकला — दिवा पेटवायचा. चोरटीने तोच उचलला आणि बसली दिवे लावत!
"बघ, कशी गंडवली!" वहिनी खूश. हे मला सुचलंच नव्हतं.
मग म्हणते, "पण मेली गोड आहे हां."
"गोड नाहीये ती!" मी एवढ्या जोरात ओरडले की दादा बाहेर आला.

१२ मार्च
टाकला गेम नेटवर. यतीनच्या नऊ दिवस आधी!!

१९ मार्च
लोक चोरटीवर फिदा. "हिला घेऊन खेळता येईल का?" अरे, शिव्या घाला ना तिला! ही कोण, कोणावरून घेतली, एकजण विचारत नाही. शेवटी मीच यतीनला लिंक पाठवली. खाली लिहिलं — "पाचव्या मजल्यापर्यंत जा. खास तुझ्यासाठी आहे." जळू दे आता.

२१ मार्च, शुक्रवार
मेसेजवर निळ्या टिक्स आल्या, म्हणजे वाचलंय. उत्तर नाही. खारी गावातून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षात चारदा फोन काढला. लागलंय त्याला. मस्त वाटतंय!

२२ मार्च
यतीनचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते.
"चोरटी बघितली. तुझ्याच मांत्रिकिणीचा चेहरा. संघप्रिया, तू कधी कबूल करशील असं वाटलं नव्हतं. चेणे गावातल्या चहाच्या टपरीवर मी तुला ती जुना मंत्र विसरायची कल्पना सांगत होतो, तू म्हणालीस, थांब, लिहून घेते. मग सगळीकडे स्वतःचं म्हणून सांगत सुटलीस. फार लागलं होतं गं, दिवाळीला भांडलो ते त्याच्यावरूनच. मी उघड कधी बोललो नाही, ती माझी चूक. आता राग नाही. तुला माफ केलं."
चार वेळा वाचला.
ती टपरी आठवतेय. तो बोलत होता. मी लिहून घेत होते.