दहा माळा आणि एक पान

सोमवार, ३
देवाच्या कृपेने एकही कप न फुटता सामान पोचलं. दुकानांच्या या जुन्या आर्केडच्या दुरुस्तीवर ह्यांना मुकादमी मिळाली, शिवाय वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीतून खालचे सगळे गाळे दिसतात. एका रिकाम्या गाळ्यात ही जुनी वही सापडली. निम्मी कोरी होती, टाकवेना.

बुधवार, ५
छताला काचेचं झाड टांगणार आहेत. उठून गेलेल्या दुकानांच्या दर्शनी काचा वितळवून त्याची पानं घडवतात. मी मॅट्रिक म्हणून काचवाल्या बाईंनी मोजदाद माझ्याकडे दिली. मी जपमाळेवर मोजते, एक मणी एक पान. झाडाला एक हजार ऐंशी पानं, म्हणजे बरोबर दहा माळा, संपलं काम. बाई हसल्या, म्हणाल्या, देवालाही कामाला जुंपलंत की! म्हटलं, बसून बसून तोही कंटाळला असेल.

शनिवार, ८
एक गाळा सोडून सगळे रिकामे झाले. तो घड्याळकाकांचा. त्यांची काच भट्टीत गेली तरी ते हलत नाहीत. कानांनी अधू आहेत, दुपारी चपला पायरीवर काढून, शटर ओढून आत झोपतात. आमचं गजराचं घड्याळ त्यांनी फुकट दुरुस्त केलं. म्हणाले, वहिनी, घड्याळ धडधाकट आहे, तुमचे हेच किल्ली द्यायला विसरतात. ह्यांना ते झोंबलं. वीस तारखेला उद्घाटन आहे. तोवर गाळा बंद झाला नाही तर नोकरी जाणार आणि खोल्याही.

मंगळवार, ११
दुपारी तो गाळा फळ्या ठोकून बंद केला. आवाज जाऊ-येऊ नये म्हणून मध्ये जाड अस्तर भरलं, वर पांढरा रंग. काका कुठे, असं मी विचारलं. हे म्हणाले, पायरीवर चपला नव्हत्या, म्हणजे म्हातारा गेला लेकीकडे.
काकांच्या चपला सकाळीच मी उचलल्या होत्या. तळ शाबूत होते, रंगाने खराब झाल्या असत्या. संध्याकाळी देणार होते. माझ्या खाटेखाली आहेत.
अनवाणीच गेले असतील.

बुधवार, १२
दहा माळा झाल्या आणि एक पान उरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा एक. बाई म्हणाल्या, तुम्ही माळेचा मोठा मणी धरत असाल. म्हटलं, तीस वर्षं जप करतेय, मेरुमणी कोण मोजतं? उरलेलं पान त्यांनी मला दिलं. काकांच्या काचेचं होतं म्हणे. देवापुढे ठेवलं.

गुरुवार, १३
पानावर वाफ धरते. पुसून जात नाही. वाफ आतून आहे. येते, विरते, पुन्हा येते, कुणी काचेला तोंड लावून असल्यासारखी. हे म्हणाले, चुलीची असेल. चूल पेटलीच नव्हती.

शुक्रवार, १४
ह्यांना चपला दाखवल्या. पांढरेफटक पडले. मग म्हणाले, आता फळी काढली तर मी तुरुंगात आणि तू रस्त्यावर. आणि चपला तू उचलल्यास, मी नाही.
देवापुढे हात जोडले. तो कधी बोलत नाही, हे एक बरं आहे.

रविवार, १६
वाफ आता नखाएवढी. हातोडा स्वयंपाकघरात आहे, मोरीजवळ. दहा पावलांवर.
मी दहा माळा जप केला.

सोमवार, १७
पान स्वच्छ. लख्ख.

मंगळवार, १८
दहा माळा आणि दोन पानं.
हे सकाळी काकांच्या गाळ्यावरच्या पांढऱ्या फळ्यांना कान लावून उभे होते, रंगाऱ्याने पाहिलं. मग कुणालाच दिसले नाहीत. तिथल्या पायरीवर ह्यांच्या चपला तेवढ्या —
दुसऱ्या पानावर वाफ. भराभर. जिना चढून आल्यावर ह्यांना लागते तशी धाप.

बुधवार, १९
काकांसाठी जो उचलला नाही, तो हातोडा आज उचलला. दोन फळ्या काढल्या, शटर वर केलं. काका खुर्चीत. एकटेच. हे नाहीत. वही सोबत आहे, इथेच लिहितेय. आत शिरताना सवयीने चपला पायरीवर —
बाहेर ड्रिल सुरू झालंय, फळ्या परत बसवतायत. हाका मारल्या. चपला पाहा, म्हणून ओरडले —
फटीतून पायरी दिसते. चपला नाहीत. कुणीतरी जपून उचलल्या —
अंधारलं. समोर काच आहे. इथे काच नव्हती. माझ्याच श्वासाने धुरकटतेय. मी पुसतेय, आतून पुसतेय, पलीकडे देव आणि माझी माळ, बाई मोजतायत, दहा माळा आणि तीन —