दुर्बिणीला सांगितलेलं गाव

नेहरू नगर, भिलई
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय भाऊ,

पाकीट पाहून तू आधी घाबरशील, मग चष्मा शोधशील, आणि मग भागीरथा वहिनीला हाक मारून म्हणशील, किसनाचं डोकं फिरलं, फोन असून पत्र लिहून राहिला. फिरलं असेलही. पण फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणतोस आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून गच्चीवर खुर्ची टाकून लिहायला बसलो आहे. ऊन उतरलं आहे. अन्नपूर्णा वाळत घातलेल्या मुगवड्या गोळा करते आहे, आणि एका वडीमागे एकदा माझ्याकडे बघते आहे, की लिहिलं का. माझ्या शेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेली दुर्बीण उभी आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनीने कळवलं. थेंब वेळेवर टाक, डोळा चोळू नको, आणि विहिरीवर जाऊन मजुरांना ओरडत बसू नको. काटोलला आमच्यासाठी बांधतो आहेस त्या दोन खोल्यांचे फोटो मिळाले. स्लॅब छान पडला आहे. फरशी पांढरी घेऊ की करडी, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि मी तिसऱ्यांदा विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सांगतो. आधी दुर्बिणीचं ऐक.

मी रिटायर झालो तेव्हा गीतांजलीने पुण्याहून ही पाठवली. तिच्या लहानपणी मी तिला आपल्या गच्चीच्या गोष्टी सांगायचो, त्या या पोरीने लक्षात ठेवल्या. तू आणि मी गोधडीवर उताणे पडलेलो, आणि तू बोटाने दाखवतो आहेस: ही बुढीची खाट, म्हणजे पुस्तकातले सप्तर्षी, हे खाट पळवणारे तीन चोर, हे मृगाच्या पोटातलं तिकांडं, आणि दिवाळीच्या सुमारास तो मावळतीकडचा निळसर पांढरा, तो अभिजित. मला इथल्या स्टील प्लांटच्या ऑफिसात नोकरी लागली त्या वर्षीही आपण असेच पडलो होतो. तू म्हणालास, 'तिकडे धूर राहते किसना, तुले तारे दिसणार नाहीत. रिटायर झाला का वापस ये. आपलं आकाश इथंच आहे.' मी हो म्हटलं होतं. तेव्हा रिटायर होणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातली गोष्ट वाटायची. तू मात्र तो शब्द जपून ठेवलास आणि त्यावर आता स्लॅबही टाकलास.

प्लांटचं सेक्टर दोनमधलं क्वार्टर सोडलं तेव्हा नेहरू नगरातला हा वरचा मजला आम्ही चार महिन्यांसाठी म्हणून घेतला, तुझ्या खोल्या होईपर्यंत. निम्मं सामान अजून खोक्यांत आहे. पण दुर्बीण बांधून ठेवायला मन होईना. ही साधी नाही, भाऊ. हिच्या स्टँडमध्ये कंप्युटर आहे आणि सोबत टीव्हीच्या रिमोटसारखा एक रिमोट. त्याला आधी गाव सांगायचं, तारीख सांगायची, वेळ सांगायची. मग आपल्या ओळखीचा एक ठळक तारा भिंगाच्या मधोमध आणून दाखवायचा आणि बटण दाबायचं. एवढ्या ओळखीवर ती बाकीचं आकाश आपलं आपण समजून घेते. मग म्हटलं शनी, की घर्र घर्र करत शनीकडे वळते. दोन तारे दाखवले तर जास्त बरं म्हणतात. पण मला खात्रीने ओळखता येणारा एकच, तुझा अभिजित.

पहिल्याच संध्याकाळी मी जो थाट मांडला तो पाहायला तू हवा होतास. स्टँड सपाट पाहिजे, म्हणून अन्नपूर्णेच्या पितळी थाळीत पाणी भरून ती स्टँडवर ठेवली आणि पाणी कोणत्या कडेला झुकतं ते वाकून वाकून बघत बसलो. ती म्हणाली, 'दूरबीन आहे का सत्यनारायण? अक्षता आणू का?' त्याआधी दुपारी नळीवर बसवलेली, नेम धरायची लहान नेमदुर्बीण पाण्याच्या टाकीवर रोखून जुळवली होती. सगळं यथासांग झालं. अभिजित मधोमध आणला, बटण दाबलं, रिमोट म्हणाला, जमलं. मी शनी निवडला. मोटर घरघरली, नळी दक्षिणेकडे वळली, थांबली. मी डोळा लावला. अंधार. धड एक तारासुद्धा नाही.

मग रोज तेच. दिवेलागण झाली की थाळी, पाणी, अभिजित, शनी, आणि अंधार. परत अभिजितकडे पाठवली की शहाण्यासारखी बरोबर त्याच्यावर जायची, आणि शनी म्हटलं की कुठेतरी भलतीकडेच बघत बसायची. नुसत्या डोळ्यांनी शनी कोणता, हे माझं मलाच ओळखू येत नव्हतं, तर हाताने वळवणार कुठे? पुस्तिका वाचून वाचून तिची पानं सुटली. प्लांटच्या बाजूचं आकाश नेहमीसारखं लालसर झालं की मला तुझं बोलणं आठवायचं. एका संध्याकाळी चिडून मी नळीवर चादर टाकली आणि अन्नपूर्णेला म्हटलं, भाऊ म्हणत होता तेच खरं, इथं काही दिसत नाही, काटोलला नेऊनच लावू हिला. तिने थाळीतलं पाणी तुळशीला घातलं आणि खाली गेली. तिचं हे असं उठून खाली जाणं तुला माहीत नाही. मला माहीत आहे.

गीतांजलीचा फोन त्याच वेळी आला. बहुतेक तिच्या आईनेच खालून लावायला सांगितला असणार. तिने मला एकेक गोष्ट विचारली. तारीख बरोबर? बरोबर. वेळ? बरोबर. आणि बाबा, गाव कोणतं टाकलं? मी म्हटलं, 'गाव आपलंच टाकलं ना, दुसऱ्याचं कावून टाकू? यादीत काटोल नव्हतं म्हणून नागपूर टाकलं.' पलीकडे ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, 'बाबा, तुम्ही कुठले आहात ते नाही विचारत आहे तो रिमोट. तुम्ही कुठे उभे आहात ते विचारतो आहे.'

आता तूच सांग, माझं काय चुकलं? इथे कोणीही 'कहाँ के हो' विचारलं की आपल्या माणसाच्या तोंडून एकच निघतं, नागपूर साइड. जन्मभर कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या वर्गणीला मी तेच सांगत आलो. वर्षातून चार दिवस काटोलला येतो त्याला 'गावी जातो' म्हणतो आणि उरलेलं सारं वर्ष जिथे काढतो त्याला नुसतं 'भिलई'. यंत्राने विचारलं, तर त्यालाही तेच सांगितलं. आणि ते बिचारं रोज नागपूरच्या गच्चीवरून शनी शोधत होतं.

भिलई त्या यादीत नव्हतीच. गीतांजलीने फोनवर नकाशा पाहून अक्षांश-रेखांश सांगितले, मी एकेक आकडा दोनदा तपासत भरला. नागपूरपेक्षा रेखांशात दोन अंशांचा फरक, बास. पण पोरगी म्हणाली, भिंगातून दिसणारा तुकडा केवढासा असतो, दोन अंश म्हणजे त्याच्या पार बाहेर. चादर काढली. पुन्हा अभिजित. पुन्हा शनी. मोटर घरघरली आणि थांबली. मला डोळा लावायची हिंमत होईना. अन्नपूर्णा वर आली होती, ती म्हणाली, बघा ना आता.

भाऊ, कडं आहे रे त्याला! खरंच आहे!

मधोमध नव्हता, जरा कडेला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, फिक्या सोन्याच्या रंगाचा, आणि त्याच्याभोवती कडं, मध्ये काळी फट ठेवून, कुठेही न टेकलेलं. चित्रात शंभरदा पाहिलं आहे आपण. पण चित्र वेगळं. मला वाटलं, काचेवर कोणी चित्र चिकटवलं की काय, म्हणून मी वेड्यासारखा नळीच्या तोंडाशी जाऊन पाहून आलो. काही नव्हतं. वर नुसतं आपलं रोजचं आकाश आणि त्यात एक शांत ठिपका, जो मी एवढे दिवस बघत होतो आणि ओळखत नव्हतो. गीतांजली फोनवरून सांगत होती की बाबा, हा जो उजेड दिसतो आहे तो तिथून तासाभरापूर्वीच निघाला आहे. म्हणजे अन्नपूर्णा कणीक मळत होती आणि मी तुझ्या धुराचं रडगाणं गात होतो, तेव्हा तो वाटेतच होता, याच गच्चीकडे यायला निघालेला. मला रडू आलं. ह्या वयात, गच्चीवर, बायकोसमोर. आलं तर आलं.

अन्नपूर्णेने डोळा लावला आणि कितीतरी वेळ बाजूलाच होईना. साडेसातीत ज्याला दर शनिवारी तेल घातलं, तो हा? ती म्हणाली, 'इतका देखणा आहे हो हा, आणि आपण उगाच भितो याले.' आमचा आवाज ऐकून खालून घरमालक केवलराम साहू आले, आणि मागून कठडा धरत धरत त्यांची म्हातारी आई. म्हातारीला खुर्चीवर बसवून, मान धरून, डोळा लावून दिला. आधी तिला काही दिसेना. मग एकदम तिने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, 'अब्बड सुग्घर हे गा.' फार सुंदर आहे म्हणाली. आणि मग केवलरामांकडे वळून म्हणाली, 'ए हमर घर के ऊपर रहिथे, अऊ हमन ला पता नइ रहिस.' आपल्या घरावरच राहतो हा, आणि आपल्याला पत्ता नव्हता. भाऊ, ती 'हमर' म्हणाली तेव्हा तिने एक हात माझ्या मनगटावर ठेवला होता. त्या 'हमर'मध्ये मी होतो. नागपूर साइडचा मी.

त्या दिवसापासून सगळी गल्ली येऊन गेली. 'मी चहाला पुरणार नाही' म्हणून अन्नपूर्णा ओरडते आणि स्वतःच मोठं पातेलं चढवते. रोज संध्याकाळी रिमोट विचारतो, जुनंच ठिकाण ठेवू का, आणि मी हो म्हणतो. पहिल्या दिवशी बोट जरा थबकलं, खोटं कशाला सांगू. आता थबकत नाही.

तर फरशीचं. फरशी बसवू नको, भाऊ. मी नाही येऊन राहिलो. काल खोकी उघडली आणि केवलरामांना सांगितलं की वरचा मजला आम्ही सोडत नाही. अन्नपूर्णेला इथेच राहायचं होतं, ती एकदाही तोंडाने बोलली नाही, आणि मलाही इथेच राहायचं होतं हे मला कळतच नव्हतं. तू ओटा माझ्या उंचीचा करून घेतलास, खिडकी पूर्वेला काढलीस, आणि मी हे फोनवर सांगू शकलो नाही. तुला किती लागेल ते मला ठाऊक आहे. लिहिताना मलाच लागतं आहे. एका खोलीत गहू भर, दुसरी आम्ही दिवाळीला येऊ तेव्हा उघड. पण त्याआधी तू ये. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की वहिनीला घेऊन गाडीत बस आणि दुर्गला उतर, मी फलाटावर उभा असेन. जानेवारीपर्यंत शनी संध्याकाळचा दिसतो. अभिजित मात्र लवकर मावळायला लागला आहे, तेव्हा पुढचा तारा कोणता धरायचा ते तूच येऊन दाखव, मला दुसरा येत नाही. नव्या डोळ्याने आधी त्या कड्याकडे बघ, आणि मग मले जे बोलायचं ते बोल.

तुझाच,
किसना