इंजिनाची आंघोळ

कळंब,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप सिद्रामप्पा मामा यांच्या चरणी भाचा नंदीशचे शरणु शरणार्थी.

तुमचे गुडघे, तुमचा रेडिओ आणि तुमचा आवाज सोलापुरात ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे आई, शिवप्रिया आणि मी मजेत आहोत. फक्त इंजिनाची तब्येत बिघडली आहे. म्हणजे ती नको इतकी सुधारली आहे, आणि तेच सांगायला हे पत्र (फोन तुम्ही पुरतं ऐकून न घेता ठेवून दिला असता).

तुम्ही एकवीस वर्षं चालवलेलं रेल्वेचं डिझेल इंजिन मी वीतभर लांबीचं बनवतोय, हे तुम्ही जाणताच. मामी गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही सोलापूर सोडलेलं नाही, भाऊबिजेलासुद्धा नाही, म्हणून या दिवाळीला इंजिनच तुमच्या दारात आणायचं ठरलं होतं. सांगाडा विकतचा, पण बाकीचं सगळं मी आडतीच्या गादीवर बसून केलं. पितळी तारेचे कठडे वाकवले, वर काळा रंग दिला, खिडकीत तुमचा लाल गमछा टांगला (शिवप्रियाच्या नव्या ब्लाउजपीसचा कोपरा, बायकोला अजून कळलेलं नाही). मग ते मळवायला घेतलं. चकचकीत इंजिन म्हणजे काम न केलेलं इंजिन, हे तुमचंच वाक्य. समईची काजळी धुराड्याला, विहिरीवरच्या जुन्या मोटारीचा गंज चाकांना, आणि येडशी रस्त्याची धूळ मैद्याच्या चाळणीतून चाळून अंगभर. (त्या चाळणीवरून घरात जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) सोयाबीन घेऊन आलेले बलभीमराव बराच वेळ बघत उभे होते. शेवटी त्यांना राहवेना. "मालक, नवीकोरी वस्तू घाण कामून करायलाव?" मी त्यांना तासभर समजावलं. ते सोयाबीन परत घेऊन दुसऱ्या आडतीला गेले.

शेवटी वरून वार्निश मारलं की मळ पक्का होतो. पण त्याआधी तुम्हाला व्हिडिओवर दाखवलं आणि तुम्ही म्हणालात, टाकीवरचा डिझेलचा ओघळ चुकलाय, जरा मागं घे. त्या एका ओघळावर आपण पाऊण तास बोललो. (शेजारी शेंगा सोलत बसलेल्या आईशी तुम्ही तीन मिनिटं बोललात.) म्हणून वार्निश राहिलं, आणि मध्ये खंडेनवमी आली.

मी दुकानात वजनकाटा धुऊन पुसून पूजेला मांडत होतो. घरी विळी, कुलपं, शिवणयंत्र आणि माझी मोटारसायकल आईच्या ताब्यात. परत येऊन बघतो तर पाटावर इंजिन! चिंच आणि दातांचा ब्रश (माझा) लावून असं घासलेलं, की कठड्यांचा रंग जाऊन पितळ लखलखतंय. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धुराड्यात झेंडू. चाकाखाली लिंबू ठेवायची रीत, पण लिंबू चाकाच्या चौपट. तेव्हा तिनं इंजिनच चार लिंबांवर बसवलं होतं. चार महिन्यांची घाण मोरीतून वाहून गेली होती. मी डोक्याला हात लावला, तर आई म्हणाली, "वर्षाचा सण हाय. देवाम्होरं असं मळकं ठेवत्यात व्हय?"

मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगतो मामा, मी आणि शिवप्रिया पोट धरून हसलो. आईनं आम्हा दोघांना आणि इंजिनाला ओवाळलं. फार छान दिसत होतं हो ते.

तुमचा लाडका (असा माझा समज आहे) भाचा,
नंदीश

ता. क. आता ओघळ कुठून कुठं जायचा ते मला अजिबात आठवत नाही, आणि फोनवर ते जमणारही नाही. भाऊबिजेच्या दोन दिवस आधी यावं, आणि इंजिन स्वतःच्या हातानं मळवून द्यावं. एसटी स्टँडवर मी घ्यायला येतो.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. माझ्याकडे चाळीस फोटो आहेत आणि दोन संध्याकाळींत सगळा मळ पुन्हा चढेल. तसं मी काल आईला म्हणालोही, की काळजी करू नकोस, दिवाळीला इंजिन सोलापूरला जाईलच. ती शांतपणे म्हणाली, "तू मळीव, म्या पुन्ना धुती. कितीबी येळा धुती. माज्या अण्णाला बघायचं आसंल तर हितं येऊन बघू दे."