अक्का, गाडी मयताची नव्हती

सोलापूर,
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. अक्का,

कमलाकरचा आणि प्रभाचा तुला व दाजींना वाकून नमस्कार. दाजींची साखर ताब्यात असेल असं धरून चालतो (नसेल तर त्यांच्या उशीखाली हात घालून बघ, मागच्या दिवाळीत पेढे तिथंच सापडले होते). लातुरात पाणी येतंय का? तुझी नवी सून रुळली का? फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर तुझा निम्मा वेळ "आवाज येतोय का रे" यात जातो, आणि उरलेल्या निम्म्यात दाजी स्पीकर लावतात, त्यामुळे माझ्या घरातली गोष्ट तुझ्या गल्लीला आधी कळते. म्हणून सविस्तर लिहितो आहे. काळजीचं कारण नाही. होतं, ते संपलं. गेल्या आठवड्यात मी एक गाडी घेतली आणि ती मेलेल्या माणसांची निघाली, आणि मग निघाली नाही, त्याची ही हकीकत.

प्रभाच्या शेंगाचटणीचं बरं चाललंय हे तू जाणतेसच. नवी पेठेतले दुकानदार आपणहून माल मागतात. पण रिक्षातून डबे न्यायचे म्हणजे एक मांडीवर, एक पायात, आणि चटणीचं तेल साडीला. इकडे शाळेतली कारकुनी संपल्यापासून मी घरात रिकामा (प्रभाच्या भाषेत "सल्ले देत") बसलेला. तेव्हा वाटलं, आपणच एक जुनी गाडी घ्यावी, आणि प्रभाला न सांगता घ्यावी, म्हणजे तिला आनंदाचा धक्का बसेल. धक्का बसला.

गाडी म्हणजे डिझेलचा जुना पिकअप. इंजिन ठणठणीत. पण मागच्या हौद्यावर कुणीतरी हौसेनं सागवानी खोली बांधून घेतलेली. तिला दोन्ही बाजूंनी खिडक्या, पण इतक्या खाली की आत उभं राहिलं तर गुडघ्याला लागाव्यात. खिडक्यांना पडदे. आत मधोमध एक लांब फळी, माणूस आडवा मावेल अशी, आणि तिला दोन्हीकडून चामड्याचे पट्टे. वर छताला मोठा आरसा. फळीच्या उशाशी एक दोरी लोंबते, ती ओढली की पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर पितळी घंटा वाजते. मला तर सगळं सोयीचं वाटलं. फळीवर डबे मांडले, पट्टे आवळले की हलायचं नाव नको. घंटेचा उपयोग कळला नाही, पण आयती मिळत असेल तर घंटा कोण सोडतं?

प्रभा आत डोकावली. मग खाली उतरून सरळ मोरीत गेली आणि हातपाय धुऊन आली. तेवढ्यात शेजारचे वीरभद्रप्पा आले (जकात नाक्यावर होते ते, आयुष्यभर गाड्यांच्या पोटात डोकावल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना राहवत नाही). त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चप्पल काढली आणि म्हणाले, "कमलाकरराव, मयताची गाडी आहे ही. मी अक्कलकोटला ह्याच गाडीला हात जोडलोय."

मी म्हटलं, मग घंटा कशाला? त्यांनी बराच विचार केला. "एखादा जिवंत निघाला तर?" म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत गल्लीला कळलं आणि दुसऱ्या दिवशी नवी पेठेला. एका दुकानदाराचा फोन आला, "वहिनी, चटणी रिक्षातनंच पाठवा बरं का." दुसऱ्यानं तर सध्या माल शिल्लक आहे म्हणून सांगितलं, आणि कालपरवाच तो माल पुरत नाही म्हणून ओरडत होता. अक्का, प्रभा भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. ती गप्प झाली. "मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही आणि माझी चटणीही ठेवणार नाही," एवढं म्हणाली आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची परात तशीच झाकून ठेवली. खलबत्त्याचा आवाज बंद पडलेलं घर मला अजिबात बघवेना. जे तिनं एकटीनं एवढं उभं केलं, ते मी एका दुपारच्या हौसेत बुडवलं की काय, या विचारानं माझं जेवण तुटलं. (एक वेळचं. पण तुटलं.)

म्हणून ठरवलं, गाडीचा मागचा इतिहास खणून काढायचा. मयताची निघाली तर विकून टाकू, नसेल तर गल्लीत दवंडी पिटू. ज्या एजंटानं गाडी दिली होती तो म्हणाला, "काका, गाडीचं इंजिन बघायचं, कूळ कशाला?" फार मागे लागल्यावर त्यानं अक्कलकोटच्या हिंदुराव मंडपवाल्यांचं नाव सांगितलं. निघालो गाडी घेऊन. रस्त्यात एक म्हातारे टोपी काढून उभे राहिले. चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत, उलट हळूच विचारलं, "घरचंच कुणी व्हतं का?" माझ्या तोंडावरची कळा बघून त्यानं एक खारी बिस्कीटही दिलं. मी ते खाल्लं. काय करणार?

हिंदुराव गाद्यांच्या ढिगावर बसले होते. म्हणाले, आमी हिच्यातनं गणपती न्हेले, भोंगे न्हेले, पण कुणाचं मयत न्हाय. मला हायसं वाटणार, एवढ्यात पुढे बोलले, "पन आमी घेतली तवा आतनं कापूर-उदबत्तीचा लई वास. धुतली तरी जाईना. मैंदर्गीच्या चनबसप्पांची ती. गाडी देताना म्हातारा रडलाय वो!" आता कापूर, उदबत्ती आणि रडणारा म्हातारा, आणखी काय पुरावा पाहिजे? मी पण त्यांच्या गाद्यांवर टेकलो. तिथूनच परत फिरणार होतो. पण घरी जाऊन प्रभाला काय सांगू, हे सुचेना, म्हणून मैंदर्गी गाठली.

चनबसप्पांचं घर विचारावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज झाला आणि एक उंच, वाकलेले आजोबा धोतर सावरत पळत बाहेर आले. माझ्याकडे बघितलंही नाही. बॉनेटवर हात ठेवला, गाल ठेवला, कानडीत काहीतरी पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या दाक्षायणीसाठी बनवलो मी ही. तिच्यासाठीच." मिरच्या वाळत घालताना त्यांची बायको माळवदावरून पडली, पाठीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं. मला पुढचं ऐकवेना. मी टोपी काढली (मी टोपी घालत नाही, पण हात डोक्याकडे गेला) आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग त्या... ह्या गाडीतच गेल्या का?"

"व्हय की! ह्याच्यातच गेली. दुसरं कशात जानार?"

मी डोळे मिटले.

"विजापूरला गेली, गाणगापूरला गेली, भावाच्या लग्नाला गेली, लातूरला मोठ्या डॉक्टरकडं गेली..."

मी डोळे उघडले. आणि त्याच वेळी घरातून खणखणीत आवाज आला, "कोन आलंय? त्या गाडीचा आवाज का यालाय?" आणि दारात, हातात काठी घेऊन, चांगल्या दोन पायांवर, दाक्षायणीबाई उभ्या!

अक्का, परक्या बाईला बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. मी त्यांच्या पाया पडलो. त्या घाबरून मागं सरकल्या. मग चहा झाला, आणि चनबसप्पांनी सगळी कारागिरी समजावून सांगितली. आडव्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून खिडक्या खाली. मान न वळवता रस्ता दिसावा म्हणून वर आरसा. खड्ड्यात उडू नये म्हणून पट्टे. पाणी लागलं, थांबावंसं वाटलं तर घंटा. धुराचा त्रास नको म्हणून कापूर-उदबत्ती. "दोन वर्सं फिरवलो तिला. लई खूश व्हती," म्हणाले, आणि आरसा पुसायला धोतराचा सोगा घेऊन हौद्यात चढले.

ते आत गेले तशा दाक्षायणीबाई माझ्याकडे सरकल्या. "काय खूश?" म्हणाल्या. "खिडकी खाली, म्हणून रस्त्यावरच्या मानसाचं तोंड बरोबर माज्या तोंडासमोर. गाडी थांबली की लोक आत बगायचे आनि हात जोडायचे. अक्कलकोटात एकानं हार टाकलाय माज्यावर. मी डोळे उगडले की बोंबलत पळायचे. आनि आरशात सगळी गावं उलटी. माज्या भावाचं लगीन मी उलटं बगितलंय." मी विचारलं, तुम्ही आजोबांना सांगितलं नाहीत? तर आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "एवढ्या मायेनं बनवलाय, कसं सांगू? म्हनून मग उटायला लागले. रोज थोडी. डॉक्टर म्हनला, चमत्कार हाय. कसला चमत्कार? त्या गाडीत परत आडवं पडायचं नव्हतं मला."

तिथूनच मी प्रभाला फोन लावला आणि दाक्षायणीबाईंच्या हातात दिला. काय बोलल्या ऐकू आलं नाही, पण पलीकडून प्रभाचं हसणं आलं. घरी परतलो तेव्हा खलबत्ता चालू होता. काल डबे फळीवर मांडून, पट्टे आवळून नवी पेठेत गेलो, प्रभा शेजारी बसून. माल शिल्लक असलेल्या दुकानदाराचा माल अचानक संपला होता. वीरभद्रप्पांना मी मुद्दाम गाठलं. त्यांनी गाडीला पुन्हा एक प्रदक्षिणा घातली, या वेळी चप्पल घालून, मग म्हणाले, "मी हात जोडलो तेव्हा आतनं कोणीतरी खोकलं होतं. मी कुणाला सांगितलो नाही."

असा सगळा निकाल चांगला लागला. मनावरचं ओझं उतरलं, भूकही पूर्ववत आहे. दाजींना जपायला सांग, तूही जप. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा,
कमलाकर

ता. क. — खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कामासाठी. परवा चनबसप्पा एसटीनं आमच्याकडे आले होते. त्यांना गाडी परत पाहिजे. "दाक्षायणीचं वय झालंय, परत कुटं पडली तर?" म्हणतात, आणि डोळ्यात पाणी आणतात. मला नाही म्हणवेना. पण रात्री प्रभाला दाक्षायणीबाईंचा फोन आला, की काय वाट्टेल ते करा पण गाडी देऊ नका. तेव्हा गाडी काही दिवस तुझ्या अंगणात लावू का? ती लातूरला गेली, एवढं मी चनबसप्पांना सांगेन, म्हणजे खोटंही होणार नाही. दाजींना यातलं काही बोलू नकोस. गेट उघडं ठेव आणि तुळशीच्या कुंड्या भिंतीकडे सरकव.

ता. क. दुसरा — पत्र टपालात टाकायचं राहिलं, म्हणून वीरभद्रप्पांची नात श्रावणी फोटो काढून दाजींच्या मोबाइलवर पाठवते आहे (म्हणजे वरचं "दाजींना बोलू नकोस" हे दाजी, तुम्ही वाचू नका). मी लातूरला निघायला गाडीत बसणार, एवढ्यात दोघंही नवराबायको रिक्षातून उतरले. गाडी लातूरला चालली म्हटल्यावर चनबसप्पा नुसते गाडीकडे बघत राहिले. दाक्षायणीबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग पुढचं दार उघडलं, पदर खोचून आत चढल्या आणि त्यांना म्हणाल्या, "लातूर मी उलटंच बगितलंय. चला, बसा हितं माज्याशेजारी." दोघं आत्ता पुढे बसले आहेत आणि म्हातारे बायकोला रस्त्यात काय काय दिसेल ते सांगायला लागलेत. प्रभाही तुझ्यासाठी भरलेल्या चटणीच्या डब्यांजवळ मागे बसते म्हणते आहे. अक्का, गेट उघडं ठेवच. भाकरी मात्र चौघांची टाक.