अंगणातल्या तपकिरी फुलपाखराची ओळख पटवण्याबाबत

३ सप्टेंबर, दुपारी १२.१०
तपकिरी फुलपाखरू आजही आलं. रत्नप्रभेने (माझी पत्नी, गेल्या वर्षी वारली) लावलेल्या गवती चहावर बसून वीस मिनिटं माझ्याकडे पाहत राहिलं. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, वहिनीच येऊन राह्यल्या भाऊ. मी सांगितलं, दारव्ह्याच्या तहसील कचेरीत तेहतीस वर्षं काढली, असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दार मात्र उघडं ठेवलं. हवेसाठी.

५ सप्टेंबर
संकल्प: आठ दिवसांत ओळख पटवणे. नाव कळलं की ते फुलपाखरू होईल, रत्नप्रभा राहणार नाही. मग दुपारची झोप लागेल. (आताही लागते.) पुस्तक मागवलं.

११ सप्टेंबर
पुस्तकात असली तपकिरी एकवीस. सगळ्यांच्या पंखांवर पांढरे ठिपके. मोजायला भिंग घेऊन गेलो तर उडालं. तोंडातून 'थांब गं' निघालं. निरीक्षणात असं होतं.

१४ सप्टेंबर
पुतण्या अनिकेत अकोल्याला कीटकशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवला. म्हणाला, काका, फोटोवरून नाही जमत. ही गवतावर वाढणारी जात, अळी शोधा. माझ्या अंगणात अळ्या नाहीत. आजकालच्या शिक्षणाचं कठीण आहे.

२० सप्टेंबर
गवती चहाला रोग. पानं गुंडाळलेली, दोऱ्याने शिवल्यासारखी. वर्षभर मी पाणी घातलं नाही, हे कारण नसावं.

२४ सप्टेंबर
उद्या अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध. अंगण स्वच्छ हवं. कामावरच्या डोमाजीला म्हटलं, ते रोगट गवत मुळापासून काढ. तो म्हणाला, काहून भाऊ, वहिनीनं लावलेलं हाये, राहू द्या ना. मी म्हणालो, निर्णय झाला आहे. त्यानं उपटून जाळलं.

२५ सप्टेंबर
कावळा पहिल्या हाकेला आला, घास घेऊन गेला. इंदुताई म्हणाल्या, आता वहिनीची कायचीच इच्छा नाही राह्यली. उत्तम. फुलपाखरू आलं नाही. पाहुण्यांची वर्दळ होती.

२९ सप्टेंबर
चार दिवस नाही. अनिकेतचा फोन. म्हणाला, गुंडाळलेली पानं दिसली तर हात लावू नका, अळीचं घर तेच. मादी तिथंच अंडी घालायला येते. एखादं पान जपून ठेवा, त्यातून फुलपाखरू निघालं की नाव सांगतो. मी म्हणालो, ठेवतो.

३ ऑक्टोबर, दुपारी १२.१०
डोमाजीला गवती चहाचं नवं रोप आणायला सांगितलं. तो म्हणाला, आनतो, पन ते येईन का आता? ते म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.
प्रकरण बंद. मला नाव नको होतं. ती रोज येत होती, तेवढं पुरत होतं.