धुळ्याहून फोन नाही

१२ जानेवारी, रविवार

रविवारच्या पुरवणीतलं माझं शब्दकोडं आज नीट छापलंय. मागच्या खेपेला छपाईवाल्यांनी एक पांढरं घर काळं करून ठेवलं होतं आणि बोलणी मला बसली.

१४ आडवा: दशरथाला अग्नी देणारा पुत्र. तीन घरं. भरत.

ह्यांनी चहा पिता पिता वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हा सामान्यज्ञानाचा प्रश्न आहे की नानाला टोमणा, म्हणे. म्हटलं, दोन्ही. थोरला वनात होता म्हणून धाकट्याने दिला. त्याला कुणी वाळीत टाकलं नाही.

नाना म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. धुळ्याला असतो. आमचे वडील, आबा, गेले तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. पण कोडं सोडवतो. दर सोमवारी पेपरच्या ऑफिसात फोन करून चुका काढतो. नाव सांगत नाही, "धुळ्याहून बोलतोय" एवढंच. पुरवणी बघणारा मयूर मला त्याची नक्कल करून दाखवतो: "लक्ष कुठंय तुमचं? बागेश्री सकाळचा राग कधीपासून झाला?" पहिल्या नकलेलाच मी ओळखलं होतं. कोड्यावर माझं नाव नसतं, त्यामुळे आपण कुणाला झापतोय हे त्याला ठाऊक नाही. मला मजा वाटते. मजा कसली, सोमवारची वाट बघते मी.

१३ जाने., सोम.

मयूरचा फोन. धुळेकरांनी आज चूक काढली नाही. फक्त म्हणाले, पुढच्या वेळी असं विचारा, भरत येईपर्यंत दशरथाचा देह कशात ठेवला होता? आणि का ठेवला होता?

मयूर म्हणतो, काकू, प्रश्न चांगला आहे, घेऊन टाका.

फोन ठेवला आणि बसूनच राहिले. म्हणजे त्याला माहीत आहे. कोडं कोण करतं ते माहीत आहे.

१४ जाने., संक्रांत

तेलात ठेवला होता. ठाऊक आहे मला. अयोध्येत तेलाच्या द्रोणी होत्या, राजवैद्य होते. इथे पिंप्राळ्यात मे महिना होता. आबा माझ्या घरी गेले, पहाटे. नाना द्वारकेच्या यात्रेत, फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. लोक म्हणाले बर्फाची पेटी आणू, मीच नको म्हटलं. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस. शुद्धीत असताना सांगून ठेवलं होतं त्यांनी, मला गारठ्यात ठेवू नका, जो जवळ असेल त्याने अग्नी द्यावा. जवळ मी होते. दिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

नाना संध्याकाळी पोचला. दारातूनच म्हणाला, थांबली का नाहीस. उत्तर ऐकायला उभा राहिला नाही. आबा काय म्हणाले होते ते त्याला कधी सांगताच आलं नाही. एवढं एकच सांगायचंय मला. त्याने ऐकावं आणि मग वाटेल ते म्हणावं.

आज दिवसभर आळीतल्या बायका येत होत्या, तिळगूळ घ्या, गोड बोला. बोलले सगळ्यांशी.

२० जाने., सोम.

काल घातला त्याचा प्रश्न. दोन घरं, तेल. 'का' मात्र विचारलं नाही.

मयूर म्हणतो, धुळेकर "बरोबर" एवढंच बोलले. तेही पान तोंडात धरून बोलावं तसं. पान कसलं, तंबाखू-चुना असेल. शाळेच्या मागे उभं राहून मळायला लागला तेव्हापासून गालात आहे. जित्याची खोड.

२७ जाने., सोम.

धुळ्याहून फोन नाही.

कालच्या कोड्यात चूक नव्हतीच म्हणा.

३ फेब्रु., सोम.

आजही नाही. मयूरला दुपारी मीच विचारलं. तो म्हणे, सुटलो की काकू.

दीपनगरच्या क्वार्टरमध्ये रविवारी आबा ड्युटीवर असायचे. पेपर आला की नाना पोटावर पालथा पडून प्रश्न वाचायचा, पेन्सिल माझ्या हातात. नद्या आणि डोंगर त्याचे, पुराण माझं, सिनेमा दोघांचा. राग-ताल आले की आम्ही दोघेही ढ, भिंतीपलीकडच्या कुलकर्णीकाकूंना ओरडून विचारायचं. माहीत नसलं की मी काहीतरी बसवून द्यायचे, घरं मोकळी बघवायची नाहीत मला. त्यावर टपली. "माई, कोरं ठेव. खोटं भरू नको." त्याचा हा एकच नियम. आयुष्यभर तसाच वागला. खोटं हसला नाही, खोटं बोलला नाही. माझ्याशी तर बोललाच नाही.

११ फेब्रु., मंगळ.

काल तिसरा सोमवार गेला. हे म्हणतात सरळ फोन लाव. मी का लावू? त्याने लावावा.

एक विचार आहे डोक्यात. बरा नाही, पण आहे.

१६ फेब्रु., रवि.

छापून आलं. ९ आडवा: धुळे शहर ज्या नदीकाठी वसले ती. तीन घरं. माझ्या चौकटीत बसतं ते 'गिरणा'. वरून खाली 'गिरनार' आलाय, त्यातला 'गि' पहिल्या घरात. म्हणजे खरी नदी, पांझरा, कुणाला बसवता येणार नाही.

धुळ्याच्या माणसाला गिरणाकाठी नेऊन बसवलं. कितीही रागावलेला असो, यावर तो गप्प राहणार नाही. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

१७ फेब्रु., सोम.

सकाळपासून धुळ्याचे फोन. मयूर रडकुंडीला आला. एक वकील, दोन मास्तर, देवपुरातल्या एक बाई, कुणी तर म्हणे गिरणाच आणून द्या आमच्याकडे, पाणी तरी येईल. साहेबांनी मयूरला बोलावून घेतलं. उद्या दुरुस्ती छापणार. काकू, तुमच्याकडून ही चूक होते कशी, म्हणाला.

मग विचारलं, ते नेहमीचे धुळेकर?

नाही.

अख्ख्या धुळ्याने फोन केला. त्याने नाही. मी ह्यांना म्हटलं, वहिनींना फोन लावा. तुम्ही लावा, माझा आवाज लागणार नाही.

१८ फेब्रु., मंगळ.

काल वहिनींनी उचलला नाही. आज उचलला. ह्यांनी फोन माझ्याकडेच दिला.

"त्यास्नी जीभ काढी टाकी, माई. तुले सांगू नको, आसं म्हणेत."

जीभ काढली त्याची. कॅन्सर. दिवाळीपासून गालात व्रण होता, नाना चुना जास्त झाला म्हणत बसला. ऑपरेशन जानेवारीअखेर. जबडा पण अर्धा गेला. नाकातून नळी. रेडिएशनचे शेक घ्यायचेत, पण डॉक्टर फार काही बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे काय ते मला कळतं.

"बरोबर." हा त्याचा शेवटचा फोन. त्याच्या आयुष्यातला शेवटचा फोन एका पेपरच्या ऑफिसाला.

२० फेब्रु., गुरू.

पुढचं कोडं तयार होतं. पाठवायच्या आधी एकदा नजर टाकली. ६ उभा: ध्वनीविना चित्रपट. चार घरं. मूकपट.

खोडलं. तो काढल्यावर डावीकडचा सगळा कोपराच कोसळला. दुपारपर्यंत नवीन शब्द बसवत बसले. संबळ आला, सातपुडा आला. रडले थोडी. मग भात लावला.

२३ फेब्रु., रवि.

वहिनींना म्हटलं, येऊ का, विचारा त्याला. त्यांनी विचारलं. त्याने पाटीवर लिहिलं, नको.

हे म्हणाले, तो नको म्हणाला म्हणून तू थांबणार? आबांच्या वेळी कुठे थांबलीस? हे असंच बोलतात. पण खरं आहे ते.

१ मार्च, शनि.

जाऊन आलो. एरंडोल, पारोळा, नेहमीचा रस्ता. मी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून नेल्या होत्या. नाकात नळी असलेल्या माणसाला भरीत! वहिनींनी डबा उघडला, बघितला. आम्हा तिघांनाच वाढला. त्याच्या नळीतून पेज गेली.

ओळखला नसता. चेहऱ्याची एक बाजू आहे, एक नाही. डोळे तेच. मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

उशाशी रविवारच्या पुरवण्या. वहिनी सांगत होत्या, दवाखान्यात सुद्धा एक रविवार चुकवला नाही. आणि सहज म्हणून म्हणाल्या, "पहिलाच रईवारले म्हणेत, हाई माईनं काम शे."

पहिल्याच रविवारी. तीन वर्षं झाली मला कोडं करायला लागून. म्हणजे तीन वर्षं तो दर सोमवारी माझ्याशीच बोलत होता. आणि मी मयूरच्या नकला ऐकून हसत होते.

गिरणाचं कोडं काढून बघितलं. सगळं भरलेलं. नववा आडवा तेवढा नाही. गिरनारमधला 'गि' आणि पुढची दोन घरं कोरी. र आणि णा बसतात हे काय त्याला कळलं नसेल? भरलं नाही.

मी त्याच्या पाठीला म्हटलं, नाना, पांझरा. मला माहीत आहे. तू फोन करावा म्हणून चुकवलं.

पाठ हलली. हसला की खोकला, कळलं नाही.

मग सांगितलं. सगळं एका दमात. बॉयलर, गारठा, जो जवळ असेल तो. तुझा फोन लागत नव्हता ते. आबा काय म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. हे बाहेर गेले.

त्याने पाटी ओढली. भिंतीकडे तोंड ठेवूनच लिहिलं आणि मागे धरली. "थांबायचं होतं."

त्याने पाटी परत घेतली, बाहीने पुसली आणि छातीवर पालथी धरून पडून राहिला. आम्ही निघेपर्यंत तसाच.

परतीच्या गाडीत हे म्हणाले, ऐकलं तरी त्याने. हो, ऐकलं. मला वाटलं होतं सांगितल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं.

५ मार्च, बुध.

रविवारचं कोडं पाठवलं. मयूरचा लगेच फोन. काकू, २१ आडवा हे काय? 'थोरल्या भावाला मारायची हाक.' दोन घरं. हे सामान्यज्ञान कुठे झालं? आणि दादा बसेल, भाऊ बसेल, नाना बसेल, उत्तर कुठलं धरायचं? शिवाय ही दोन घरं कशालाच जोडलेली नाहीत. चारी बाजूंनी काळी. असं कुणी करतं का, दुसऱ्या शब्दावरून एक अक्षरही मिळणार नाही.

म्हटलं, म्हणूनच. ज्याला भरायचं त्याने स्वतःहून भरावं.

गिरणानंतर तो आता मला घाबरूनच असतो. पण मग विचारलं, ते धुळेकर तुमचे कोण काकू? सांगितलं. छापतो म्हणाला.

७ मार्च, शुक्र.

वहिनींचा फोन. ताप येतो-जातो. तोंडातून मधूनच रक्त. शेक थांबवलेत. कोडं रविवारी येईल ना, असं पाटीवर लिहून त्याने विचारलं म्हणे. मी सांगितलं, येईल. ते झाल्यावर मला कळवा.

९ मार्च, रवि.

सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले. हे दोनदा म्हणाले, आंघोळ तरी कर.

वहिनींचा आला. धाप लागलेली. रक्त थांबत नाही, दवाखान्याची गाडी बोलावलीय, दारात उभी आहे. तरी विचारलंच. लाज वाटली, पण विचारलं. कोडं?

"बठ्ठं भरं त्यास्नी. दोन घरं राही गयात."

कुठली, ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी तरी वाचून दाखवलं, एकवीस.

मी विचारलं, सोडून दिली होती का, की राहिली? त्या म्हणाल्या, पेन्सिल हातातच होती. खूप वेळ तिथेच धरून बसले होते. मग रक्त यायला लागलं. भरणार होते की नव्हते, कसं सांगू, माई.

कोरं ठेव, खोटं भरू नको. मला त्याची रीत माहीत आहे. खरं नसेल तर तो भरणार नाही. पण हात थांबला म्हणूनही घरं कोरी राहतात. दोन्हींतलं कुठलं, हे डोक्यात टपली मारून सांगणारा एकच माणूस होता.

हे रिक्षा बघायला गेलेत, एस.टी. स्टँडवर जायचंय. पिशवीत काय भरलं मला आठवत नाही.

फोन ठेवायच्या आधी वहिनींना म्हटलं, तो कागद सोबत घ्या. आणि पेन्सिलही घ्या.